पुनवेचा अर्धा कॅन

"येऊ नका," आबा फोनवर म्हणाले, आणि मी त्याच क्षणी जायचं पक्कं केलं.

मला कुणी येऊ नको म्हटलं की माझं डोकं सटकतं. त्यात सख्खा बाप म्हणतोय! मे महिना, पोरीची शाळा बंद, रविवारी बुद्धपौर्णिमा, शनिवारी नवऱ्यालाही सुट्टी. असा योग काय रोज येतो?

"कावून नको?" मी विचारलं. पुण्यात एवढी वर्षं काढली तरी राग आला की माझी भाषा माहेरच्या, कड्याच्या बाजारात जाऊन उभी राहते.

"आगं, घर हाय कुठं यायला? घराला कुलूप घातलंय. आमी दोघं छावनीत, जनावरांत ऱ्हातोय. जावईबापूंना बसवू कुठं, हौदावर?"

मागून आईनं फोन हिसकावल्याचा आवाज आला. "त्येंचं काय ऐकतीस? ये तू. पोरीला घिऊन ये."

पुन्हा आबा. "आन् दुसरं म्हंजी, आईतवारी आपली परीक्षा हाय. सकाळच्या फेरीला दुधाचे दोन कॅन भरले न्हाईत, तर सोमवारपासनं टेम्पोचा थांबा बंद. शीतकरनाचे सायेब सोता येनार हायेत बघायला. माझं डोकं ठिकानावर न्हाई."

"मग माझ्या येण्यानं कॅन रिकामा होणार आहे का?" मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आबा आमच्या गावच्या दूध डेअरीचे सचिव. गाव कडा या बाजारगावाजवळचं, फाट्यावरून आत. चार एकर कोरडवाहू जमीन, दोन गाई, आणि डेअरी. यातलं डेअरी सोडून बाकी सगळं आईनं बघितलं. आबांना गावात नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे 'सचिव' म्हणतात, आणि आईला 'सचिवीणबाई'. लहानपणी मला वाटायचं, आमचं आडनावच सचिव आहे.

त्या साली पावसानं आमच्याकडे तोंडच दाखवलं नव्हतं. मी स्वतः महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात. नळाला पाणी का नाही म्हणून दिवसभर लोकांच्या शिव्या खाते. गावात ही नोकरी कळली तेव्हा पारावरच्या एका म्हाताऱ्यानं आबांना विचारलं होतं, "मग पोरीला म्हनावं, एक पाईप आपल्याकडं सोड की गं!" आबांनी ते मला हसत हसत सांगितलं होतं. त्या साली मात्र कुणी थट्टेनंही पाईप मागितला नाही.

शनिवारी सकाळी निघालो. नगर मागं टाकलं आणि रस्त्याच्या कडेचा हिरवा रंग संपला. पोर खिडकीतून बघत म्हणाली, "आई, इथली शेतं कुणी खोडली?" तिचा बाप हसला. मला हसू आलं नाही. हीच शेतं मी कंबरेएवढ्या बाजरीत बघितलेली.

आधी घरी गेलो. कुलूप आहे हे माहीत असूनही गेलो. कुलपाला आईनं धूळ बसू नये म्हणून फडकं बांधलं होतं. आईचं सगळंच असं. खिडकीच्या फटीतून आत बघितलं तर भिंतीवर पांढरा चौकोन, बुद्धाची तसबीर असायची ती जागा. तसबीरसुद्धा छावणीत गेलेली. मला एकदम भरून आलं. माहेराला यावं आणि खिडकीतून आत बघावं लागावं, हे काही खरं नाही. नवऱ्यानं गाडीचा हॉर्न वाजवला म्हणून बरं, नाहीतर मी तिथेच पायरीवर बसून रडले असते.

छावणी गायरानावर होती. बांबू रोवलेले, वर हिरवी जाळी ताणलेली, खाली गाईम्हशींच्या लांबच लांब रांगा. एरवी कारखान्याला जाणारा ऊस ट्रकमधून येऊन जनावरांपुढे पडत होता. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला. जनावरांच्या मागं जागा मिळेल तिथे बाजा, चुली, हंडे, आणि माणसं. आत पाऊल टाकलं तर वास आधी आला, मग सगळं गाव आलं.

"आली का गं बाई!"

"पोरगी केवढी झाली!"

"जावईबापू, वाळलात की!" माझा नवरा वाळलेला नाही. कधी वाळणारही नाही.

आबांनी छावणी दाखवली ती एखाद्यानं बंगला दाखवावा तशी. हा हौद, इथे टँकर लागतो, इथे ऊस वाटतात, ही आपली रांग. बांबूला तसबीर बांधलेली, खाली बाज, बाजेखाली आईचा संसार. पोरीला तर स्वर्ग सापडला. तिनं गाईच्या वाट्याचा ऊस उचलला आणि चावायला लागली. गाईनं तिच्याकडे जे बघितलं, ते माझ्या साहेबांना लाजवील असं होतं.

छावणीची एक मजा होती. गावात गल्ल्या होत्या, इथे रांगा होत्या. कोण आधी आला, त्याला आधी जागा. त्यामुळे गावात ज्यांच्या दोन घरांच्या मधे अख्खं गाव होतं, ती माणसं इथे शेजारी आली होती. आमचा बौद्धवाडा गावाच्या एका टोकाला, आणि वाणीआजींचं घर दुकानासकट पार वेशीपाशी. इथे मात्र आमच्या गाईच्या शेजारी त्यांची म्हैस, आणि आईच्या बाजेला लागून त्यांची बाज.

वाणीआजी म्हणजे गावातल्या किराणा दुकानाच्या मालकीण. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि तोंडात सतत कुणाची तरी उलटतपासणी. मुलानं दुकान कड्याला नेलं, तोही तिकडेच राहायला गेला, सूनही गेली. आजी म्हशीपायी राहिल्या. म्हणायच्या, "माजी म्हस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई." सून म्हणायची, आजीच दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत नाहीत.

आम्ही टेकतो न टेकतो तोच आजी फेसाळलेल्या दुधाचा पेला घेऊन हजर. "घे गं, पी. आत्ताच धार काढली." माझी पोर पुण्यात दुधाचा पेला दिसला की पलंगाखाली जाते. इथे तिनं गटागटा प्यायलं. ओठावर दुधाची मिशी आली. आजी खूष.

आई म्हणाली, "आजी, बसा, चहा टाकते."

"नको गं सचिवीणबाई. आत्ताच घेतला."

हे 'आत्ताच घेतला' मी जन्मल्यापासून ऐकतेय. आता समजावून सांगायला हवं. गावात तोंडावर कुणी वाईट बोलत नाही. आपण जयभीम म्हटलं की समोरून जयभीम येतो. तरणी पोरं आमच्या घरी जेवून जातात, आणखी वाढा म्हणतात. पण जुनी माणसं आमच्या ओसरीवर तासन् तास बसतील, हसतील, सल्ले देतील, आणि आईनं चुलीकडे पाय वळवला की सगळ्यांनी चहा आत्ताच घेतलेला असायचा. एकदाही कुणी मगाशी घेतलेला नव्हता. द्यायला वाणीआजींचा हात कधी आखडला नाही. गूळ, शेंगदाणे, पोरीच्या हातावर खडीसाखर, सगळं दिलं. घ्यायची वेळ आली की आत्ताच.

आणि गंमत म्हणजे, याच गावात आबांनी सगळ्यांचं दूध एका भांड्यात आणलं होतं.

डेअरी सुरू झाली तेव्हा आबा बिनमिशीचे होते. सुरुवातीला दोन कॅन असायचे. एक गावाचा, एक आमच्या वाड्याचा. गावाचा पारावर भरायचा, आमचा नाल्याच्या कडेला. टेम्पो दोन्हीकडे थांबायचा. शीतकरण केंद्रात गेल्यावर दोन्ही कॅन एकाच टाकीत ओतले जातात हे अख्ख्या गावाला माहीत होतं, पण ते कड्याला होतं ना, गावात नव्हतं, मग चालायचं. पुढे एका उन्हाळ्यात आमच्या वाड्याचा कॅन अर्धाच भरायला लागला. अर्धा कॅन टेम्पोत हिंदकळतो, दुधावर लोणी येतं, केंद्रवाले परत पाठवतात. एके सकाळी आबांनी आमचा अर्धा कॅन उचलला, पारावर नेला, आणि सगळ्यांच्या देखत गावाच्या कॅनमध्ये ओतला. आबा सांगायचे, "मी दूध वतलं आन् डोळे मिटून हुभा राह्यलो. म्हनलं आता कानाखाली बसनार. उघडून बघतो तर टेम्पोवाला म्हनतोय, झाकन लावा सचिव, उशीर हुतोय."

तेव्हापासून एकच माप, एकच झाकण. आबांचा अभिमान एवढाच आणि केवढा तरी. थांबा बंद झाला असता तर जो तो आपापलं दूध मिळेल त्या गवळ्याला घालणार, आणि आबांनी एकत्र ओतलेलं पुन्हा वेगळं होणार. सोमवारची भीती त्यांना होती ती याची. मला फोनवर हे कळलं नव्हतं. तिथे त्यांचा चेहरा बघून कळलं. दर दहा मिनिटांनी रांगेतून चक्कर मारायचे, म्हशींच्या कासेकडे बघायचे. नवरा म्हणाला, "माझ्या दहावीच्या परीक्षेला माझे वडील एवढे फिरले नव्हते."

दुपारभर नवऱ्याला प्रत्येक बाजेवर बोलावणं. गावच्या लेकीचा नवरा, चहा न घेता जाईल कसा? आणि माझ्या नवऱ्याला नाही म्हणता येत नाही, विशेषतः चहाला. घट्ट, दुधाळ, वर साय तरंगतेय असा चहा पीत तो सगळी रांग फिरून आला. सुट्टीमुळे गावच्या बाकीच्या लेकीही आल्या होत्या, नुसतं आमचंच नव्हे. दावणीदावणीला एकेक सासुरवाशीण, तिचं लेकरू, तिचा नवरा. दुष्काळाची छावणी म्हणून बघायला कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे लग्न आहे.

संध्याकाळी आईनं आमच्या बाजेवर चहा आणला. पोरीनं कपात डोकावून विचारलं, "आजोबा, तुमचा चहा काळा का?"

"मला असाच आवडतो," आबा म्हणाले.

खोटं! साफ खोटं! आबांच्या चहात दूध कमी पडलं तर घरात संप व्हायचा. मी आईचा कप बघितला, काळा. उठले आणि शेजारची बाज बघितली. पाहुण्यांचे कप पांढरे, घरच्यांचे काळे. पलीकडे तेच. वाणीआजींचा पेलासुद्धा काळा.

"हे कधीपासून?" मी आईला विचारलं.

"झाला की आठवडा," आई म्हणाली. "धा जनांनी दूध चहात घातलं तर कॅन कसा भरंल?"

कुणी सभा घेतली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. डेअरीच्या सभेत साधा सतरंजीचा ठराव कधी भांडणाशिवाय पास झाला नाही, आणि हे मात्र अख्ख्या छावणीनं गुपचूप सुरू केलं होतं. या वर्षी पुनवेची खीरसुद्धा करायची नाही असं आमच्या वाड्यानं ठरवलं होतं. आई खीर केल्याशिवाय बुद्धपौर्णिमा काढते म्हणजे काय, हे ज्यांनी आईला बघितलंय त्यांनाच कळेल. आणि आम्ही दिवसभर बसून त्यांचं दूध ढोसलं!

मला शरम वाटली, आणि शरम वाटली की मला राग येतो. मी रांगेतून निघाले. प्रत्येक बाजेपाशी उभी राहून सांगितलं, "उद्या सकाळी आमच्याकडे कुणी दुधाचा चहा पाठवला, तर पुन्हा या गावात पाऊल ठेवणार नाही. सगळं दूध कॅनमध्ये गेलं पाहिजे. कळलं का?"

"कळलं बाई, कळलं," सगळे म्हणाले. "लई तापट हाय बघा सचिवाची लेक."

अशी तापून मी परत आले, तर आई आणि वाणीआजी शेजारी शेजारी बसून लसूण सोलत होत्या. आईनं विचारलं, "आजी, कोरा चहा हाय, घेता का घोटभर?"

"नको गं, आत्ताच घेतला."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "आजी, मी जन्मल्यापासून बघतेय, तुमचा चहा कायम आत्ताच झालेला असतो! एकदा तरी मगाशी होऊ दे की!"

आजींनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या पाकळ्या आईच्या ताटलीत ठेवल्या, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आपल्या म्हशीपाशी जाऊन बसल्या. आमच्याकडे पाठ करून.

आईनं माझा दंड असा चिमटला की आठवडाभर निळा होता. "दोन दिसाची पाव्हनी तू! मला तिच्या शेजारी पाऊस पडंस्तवर ऱ्हायचंय."

"मग काय खोटं बोलले?"

"खरं बोल्लीस म्हनूनच! मला ताप आलता तवा माझ्या गाईची धार कोन काढीत हुतं? ती. माझं डोस्कं कोन चेपीत हुतं? तीच. काय कळतं गं तुला?"

"डोकं चेपते आणि चहा घेत नाही?"

"न्हाई घेत," आई म्हणाली. एवढंच. पण तिनं ते ज्या आवाजात म्हटलं, त्यात मला कळलं की तिलाही ते रोज लागतं. मग मी गप्प बसले. मी गप्प बसले की नवरा घाबरतो, त्यानं मुकाट्यानं उरलेला लसूण सोलला.

रविवारी पहाटे जाग आली ती चरवीत पडणाऱ्या धारांच्या आवाजानं. सगळ्या रांगेत एकदम चरर्-चरर् सुरू होतं. किती वर्षांनी ऐकला तो आवाज! मी डोळे मिटून पडून राहिले. तेवढ्यात बाजेच्या पायथ्याशी कुजबुज ऐकू आली. आबा पोरीला उठवत होते. त्यांच्या हातात वाफाळता पेला.

"पी पटकन. आन् कुनाला सांगू नको."

दोन कॅनसाठी ज्या माणसानं आठवडाभर काळा चहा प्यायला, तो सचिव, डेअरीचं माप हातात घ्यायच्या आधी, नातीसाठी दूध चोरत होता. मी घोरल्याचं सोंग घेतलं.

पुढची हकिगत तुमच्या लक्षात आलीच असेल. माझ्या लक्षात यायला मात्र उजाडावं लागलं. मी तोंड धुऊन येते तर आमच्या बाजेवर चहाचे कप ओळीनं ठेवलेले. सगळे पांढरे. कालच दम दिलेल्या बायका पदरानं हात पुसत उभ्या. "एक तांब्या दुधानं काय हुतंय? बाकीच्यांनी समदं घातलंच आसंल की." दुसरी तेच म्हणाली. तिसरीही. प्रत्येकीनं आपल्या लेकीसाठी, नातवंडासाठी, जावयासाठी आणि वर आमच्यासाठी एकेक तांब्या बाजूला काढला होता, बाकीचे सगळे शहाणे आहेत या भरवशावर. आईच्या दुरडीखालीसुद्धा झाकलेलं पातेलं सापडलं.

पहिला कॅन गळ्यापर्यंत भरला. दुसरा भरता भरता रांग संपली. आबांनी आत डोकावलं. मग आम्ही सगळ्यांनी. जेमतेम अर्धा.

"पानी घाला थोडं," गर्दीतून एक जण हळूच म्हणाला.

"पानी?" आबा उसळले. "पानी हाय कुठं रं घालायला? टँकरच्या पान्यापायी हंड्याहंड्यावरनं भांडनं लागत्यात, आन् तू दुधात घालतोस?" सगळे हसले. हसता हसता थांबले, कारण फाट्यावरून टेम्पो वळताना दिसला.

शीतकरण केंद्राचा साहेब भला माणूस होता. त्यानं कॅनमध्ये बघितलं, आबांकडे बघितलं, टोपी काढून घाम पुसला. "सचिव, तुमचं दूध कधी परत गेलं नाही, मला माहीत आहे. पण एका कॅनसाठी एवढ्या आत गाडी पाठवणं आता वरून बंद झालंय. हा भरलेला नेतो. उद्यापासून नाही येता येणार."

"आन् ह्यो?"

"अर्धा कॅन कसा नेऊ? तुम्हालाच ठाऊक."

आबांनी भरलेल्या कॅनचं झाकण स्वतः लावलं, टेम्पोत चढवायला हात दिला, आणि टेम्पो गेल्यावर उरलेल्या कॅनशेजारी उकिडवे बसले. ज्या बायकांनी तांब्या काढला होता त्या एकमेकींकडे बघेनात. माझ्या येण्यानं कॅन रिकामा होणार आहे का, असं मी तोऱ्यात विचारलं होतं. झाला होता की!

"आबा, आमच्यामुळे झालं," मी म्हटलं.

"गप," आबा म्हणाले. "पयला पेला मीच काढला."

ऊन चढायला लागलं. आता या दुधाचं करायचं काय? परत वाटायचं म्हटलं तर वाटणार कसं? कुणी किती घातलं ते सांगता आलं असतं, पण गाईचं, म्हशीचं, पारावरचं, वाड्याचं, सगळं मिसळलेलं. ठेवलं तर दुपारपर्यंत नासणार.

आई उठली. पदर खोचला. "आज पुनव हाय," ती म्हणाली. "खीर करू. समद्यांची."

मग काय विचारता! टँकरवाल्यानं कुठूनसं लग्नातलं मोठं पातेलं आणलं. तीन दगडांची चूल झाली. ज्या हातांनी दूध लपवलं होतं त्याच हातांनी बायकांनी मूठमूठ तांदूळ आणले, कुणी साखर, कुणी गूळ. एकीनं वेलदोडे काढले, ते दुष्काळात कुठे जपून ठेवले होते देव जाणे. ढवळायला उलथणं पुरेना, तर धुतलेला ऊस घेतला, आणि तो हातात देऊन माझ्या नवऱ्याला चुलीपाशी उभं केलं. कालपासून प्यायलेल्या चहाची परतफेड त्यानं घामाघूम होऊन केली. बायका त्याला दुरून ओरडत होत्या, "जावईबापू, खाली लागू देऊ नका! बूड खरवडा!" तो पुण्यात स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला येतो. मी डोळे भरून बघून घेतलं.

आमच्या वाड्यातल्या म्हाताऱ्यांनी तसबिरीपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हटली. गाव बाजूला उभं राहून ऐकत होतं. मग सगळे रांगेत बसले, जनावरं ज्या रांगेत होती त्याच रांगेत. आई वाढत निघाली, मी मागून पेले देत होते. तरण्या पोरांनी दोनदा घेतली. लेकरांनी मोजलंच नाही. जुन्या माणसांपैकी कुणी घेतली, कुणी हात जोडले, "पोट भरलंय." आई हसून पुढे गेली. आईला सवय आहे. मला नाही, पण दंड अजून दुखत होता म्हणून तोंड मिटून होते.

वाणीआजी रांगेत नव्हत्या. आपल्या बाजेवर, पाठ करून. आई त्यांच्याजवळून जाताना थांबली नाही. मीच काल जे बोलले त्यामुळे आईला आता विचारायचीही सोय उरली नव्हती.

आम्ही पुढच्या रांगेला लागलो तेव्हा मागून आवाज आला.

"ए सचिवीणबाई."

आजी उठून आल्या होत्या. हात रिकामे.

"माज्या म्हशीचं दूध हाय का न्हाई त्यात?"

"हाय की आजी. समद्यांचंच हाय."

"मी काडून ठिवलं न्हवतं. समदं घातलतं." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. खरं होतं ते. सगळ्या छावणीत सगळं दूध घातलेली ती एकच बाई.

"हो आजी," मी म्हटलं.

"भांडं न्हाई आनलं मी," त्या म्हणाल्या. "तुमचंच दे."

मी आमचा स्टीलचा पेला पुढे केला. आईनं पळी बुडवली आणि तशीच धरून उभी राहिली. इतकी वर्षं विचारणाऱ्या बाईला वाढायचं कसं हेच सुचेना.

"वाड की," आजी म्हणाल्या. मग तोंडातून सवयीनं निघालंच, "चहा आत्ताच घेतलाय. पर वाड."

आई फस्सकन हसली. हसता हसता रडायला लागली. आजी तिथेच मातीत बसल्या, फुंकर घालून खीर प्यायल्या, पेल्याच्या तळाचा भात बोटानं काढून खाल्ला, आणि जाहीर केलं, "साखर कमी हाय." आईनं त्यांना आणखी एक पळी वाढली, न विचारता.

आबा लांब, रिकाम्या कॅनपाशी उभे होते. त्यांनी हे सगळं बघितलं. पुढे आले नाहीत. हौदातून तांब्याभर पाणी घेतलं, तेवढंच, आणि कॅन आतून घासायला बसले. धुऊन झाल्यावर उन्हात पालथा ठेवला.

दुपारी आम्ही निघालो. आईनं डब्यात खीर भरून दिली, आजींनी पोरीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि मला म्हणाल्या, "लई फटकळ हायेस. पर येत जा." आबा गाडीच्या खिडकीशी आले.

"आता डेअरीचं काय, आबा?"

"बघू. पाऊस पडला की पुन्ना खेटे घालीन. त्येंच्या दारात बसीन." मग ते रांगेकडे वळून बघत राहिले. तिथे आई आणि वाणीआजी एकाच पातेल्यातली उरलीसुरली खीर खरवडत होत्या, आणि करपलेली कोणी खायची यावरून भांडत होत्या.

आबांनी उपरण्यानं डोळे पुसले.

"मी समद्यांचं दूध एकात वतलं, ते कड्याला गेलं," ते म्हणाले. "इतकी वर्सं भरून धाडलं. गावात कुनी प्यालंच न्हाई. बरं झालं बघ पोरी, आज कॅन भरला न्हाई."